घरगुती मोटारबांधणी : इंजिन व गिअर बॉक्सच्या सांध्याचे शास्त्र
(मानपाडा-डोंबिवली परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

जुन्या मोटारीचा सांगाडा घ्यावयाचा, अनावश्यक पत्रा उतरवून तिचे वजन कमी करावयाचे आणि मूळ इंजिनाच्या जागी दुसऱ्या गाडीचे अधिक शक्तीचे इंजिन बसवावयाचे, अशा रीतीने घरच्या घरी तयार केलेल्या वेगवान गाडीस 'हॉट रॉड' असे म्हणतात. या विषयाकडे सर्वसाधारणपणे तरुणांचा छंद म्हणूनच पाहिले जाते. इंजिन किती अश्वशक्तीचे, गाडी किती वेगाने धावते, रंग कोणता, एवढ्यावरच बहुतेक चर्चा थांबते. वस्तुतः अशा बांधणीत इंजिन मिळविणे व ते सुरू करणे हा सर्वांत सोपा भाग असतो. खरा अवघड भाग इंजिनाच्या मागे सुरू होतो. इंजिन आणि गिअर बॉक्स यांचा सांधा, तेथून मागील आसापर्यंत शक्ती नेणारी साखळी आणि या साखळीतील प्रत्येक दुव्याची सहनशक्ती यांवर गाडीचे यशापयश ठरते. प्रस्तुत लेखात या सांध्याचे शास्त्र, त्याची महाराष्ट्रातील उदाहरणे आणि कायद्याने त्यावर घातलेली मर्यादा यांचे विवेचन केले आहे.

परिसर व पूर्वपीठिका :

ठाणे जिल्ह्यात मानपाडा या नावाची दोन ठिकाणे प्रसिद्ध आहेत. एक ठाणे शहरात घोडबंदर रस्त्यावर, तर दुसरे डोंबिवली पूर्वेस कल्याण-शीळ रस्त्यावर. एकाच्या जवळ वागळे इस्टेट, दुसऱ्याच्या जवळ डोंबिवलीची औद्योगिक वसाहत. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली आणि पुढील दशकांत या पट्ट्यात लेथ, मिलिंग, वेल्डिंग व पत्राकाम करून देणाऱ्या लहान कार्यशाळांचे दाट जाळे विणले गेले. जुन्या सुट्या भागांसाठी कुर्ल्याचा बाजार लोकलने तासाभराच्या आत. घरी मोटार बांधू पाहणाऱ्यास लागणारी जवळजवळ सर्व सामग्री व कौशल्ये अशा रीतीने एकाच पट्ट्यात उपलब्ध झाली.

या परिसराचा मोटारउद्योगाशी प्रत्यक्ष संबंधही आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा मूळ कारखाना कुर्ल्यास होता. डोंबिवलीनजीक कल्याण-शीळ रस्त्यालगत कंपनीचा दुसरा कारखाना उभा राहिला. नव्वदच्या दशकात फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या सहकार्याने '३०९' ही मोटार याच कल्याण-डोंबिवली भागात तयार झाली. मात्र हा प्रयोग अल्पजीवी ठरला. प्रीमियरचे खरे अपत्य म्हणजे फियाट ११०० पासून आलेली 'पद्मिनी'. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती चार दशकांहून अधिक काळ धावली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये टॅक्सी म्हणून तिची शेवटची गाडी निवृत्त झाली.

अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्नियात १९३० च्या दशकात हॉट रॉडचा उदय झाला तोही अशाच परिस्थितीत. फोर्डच्या 'मॉडेल टी' व 'मॉडेल ए' गाड्या भंगारभावाने मिळत होत्या. १९३२ साली फोर्डने ३.६ लिटरचे, ६५ अश्वशक्तीचे आठ सिलिंडरांचे व्ही-८ इंजिन सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आणले. हलका जुना सांगाडा आणि हे इंजिन यांचा संयोग करून तरुण मंडळी कोरड्या पडलेल्या सरोवरांच्या सपाट तळावर शर्यती लावू लागली. दुसऱ्या महायुद्धात यंत्रे हाताळून परतलेल्या सैनिकांनी या छंदास पुढे चळवळीचे रूप दिले. स्वस्त जुनी गाडी, भंगारातील सशक्त इंजिन आणि जवळपास लेथ चालविणारा माणूस, या तीन गोष्टी जेथे एकत्र आल्या तेथे ही बांधणी घडली, असे म्हणता येईल.

सांगाड्याची निवड :

अमेरिकन उदाहरणे आपल्याकडे जशीच्या तशी लागू करता येत नाहीत, त्याचे एक महत्त्वाचे कारण सांगाड्यात आहे. जुन्या फोर्डला दोन लांब पोलादी तुळयांची स्वतंत्र चासी होती. वरचा पत्रा पूर्ण उतरविला तरी गाडीचा कणा शाबूत राहत असे. आपल्याकडील विलीज जीप याच प्रकारची. तिच्या चासीवर नवीन इंजिनासाठी पोलादी कंस वेल्ड करणे तुलनेने सुरक्षित असते.

पद्मिनीचे तसे नाही. तिला स्वतंत्र चासी नाही. तळ, खांब, छत आणि इंजिनामागील पडदी मिळून पत्र्याची एकसंध पेटी बनते आणि ती पेटीच सर्व भार वाहते. मोठा गिअर बॉक्स मावत नाही म्हणून मधला बोगदा कापला, किंवा लांब इंजिनासाठी पडदी मागे सरकविली, तर प्रत्यक्षात गाडीचा कणाच कापला जातो. त्याचा परिणाम लगेच दिसत नाही. काही महिन्यांनी दारे नीट लागेनाशी होतात, काचेच्या चौकटीच्या कोपऱ्यात तडे जातात. पद्मिनीचे इंजिन पुढे, उभ्या दिशेत आणि चालना मागील चाकांना, ही मांडणी पाहून ती हॉट रॉडसाठी आदर्श वाटते. मांडणीच्या बाबतीत ती तशी आहेही. मात्र जेवढे कापले तेवढे पोलादी चौकटीने भरून काढण्याची तयारी नसेल तर तिच्या वाटेस न जाणेच शहाणपणाचे.

इंजिन आणि गिअर बॉक्सचा सांधा :

इंजिनाच्या मागील टोकास फ्लायव्हील, त्यावर क्लच प्लेट व प्रेशर प्लेट आणि या सर्वांना झाकणारे घंटेच्या आकाराचे बेल हाउसिंग, ज्यास मागून गिअर बॉक्स जोडलेला असतो, ही रचना सर्वपरिचित आहे. प्रत्येक कंपनीच्या बेल हाउसिंगवरील बोल्टची भोके निराळ्या जागी असतात. म्हणून एका कंपनीचे इंजिन दुसऱ्या कंपनीच्या गिअर बॉक्सला जोडावयाचे झाल्यास मध्ये जाड अॅल्युमिनियमची किंवा पोलादाची जोडपट्टी घालावी लागते. तिच्या एका बाजूस इंजिनाची भोके, दुसऱ्या बाजूस गिअर बॉक्सची. अनेकांच्या मते येथे काम संपते. प्रत्यक्षात ते येथे सुरू होते.

पहिली अडचण लांबीची आहे. गिअर बॉक्सच्या इनपुट शाफ्टचे पुढील टोक क्रँकशाफ्टच्या मागील टोकात बसविलेल्या छोट्या बुशमध्ये टेकलेले असते. जोडपट्टी २० मि.मी. जाड असेल तर शाफ्ट तेवढाच मागे सरकतो आणि त्याचे टोक बुशपर्यंत पोहोचत नाही. शाफ्ट मग एकाच बेअरिंगवर लोंबकळत फिरतो. क्लच दाबला असता गिअर खरखरतात आणि काही शेकडो किलोमीटरांत ते बेअरिंग जाते. त्यावर उपाय म्हणजे लांब नाकाचे नवीन बुश लेथवर तयार करून घेणे. उलट पट्टी फार पातळ ठेवली तर शाफ्टचे टोक क्रँकशाफ्टवर आदळते आणि बोल्ट आवळताना क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर भार येतो. हा दोष अधिक घातक आहे, कारण तो बाहेरून दिसत नाही.

दुसरी अडचण क्लचची. क्लच प्लेटचा बाह्य व्यास इंजिनाच्या फ्लायव्हीलला जुळला पाहिजे, परंतु तिच्या मध्यातील दाते गिअर बॉक्सच्या शाफ्टला जुळले पाहिजेत. दोन्ही अटी पूर्ण करणारी प्लेट बाजारात क्वचितच मिळते. त्यामुळे एका प्लेटचा मध्यभाग दुसऱ्या प्लेटवर रिव्हेट करून घेण्याची पद्धत रूढ आहे. हे काम सराईत क्लच कारागिराकडूनच करून घ्यावे. हजारो फेऱ्यांच्या वेगाने फिरणारी प्लेट तुटली तर तिचे तुकडे बेल हाउसिंग फोडून चालकाच्या पायांपर्यंत येऊ शकतात.

तिसरी आणि सर्वांत दुर्लक्षित अडचण समअक्षतेची. क्रँकशाफ्टचा मध्य आणि इनपुट शाफ्टचा मध्य एकाच रेषेत असणे आवश्यक आहे. मान्य फरक साधारणतः ०.१३ मि.मी., म्हणजे जवळपास एका कागदाची जाडी. ड्रिल यंत्रावर डोळ्यांच्या अंदाजाने पाडलेल्या भोकांतून ही अचूकता येऊ शकत नाही. ती मोजण्याची रीत सोपी आहे. गिअर बॉक्स न लावता फक्त बेल हाउसिंग इंजिनाला जोडावे, फ्लायव्हीलवर डायल गेज बसवून त्याचे टोक हाउसिंगच्या मागील गोल भोकाच्या कडेला टेकवावे आणि क्रँक हाताने एक पूर्ण फेरा फिरवावा. गेजवरील एकूण फरक हा मध्यांमधील फरकाच्या दुप्पट असतो, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. फरक अधिक आढळल्यास मार्गदर्शक पिना काढून हाउसिंग योग्य जागी सरकवावे, पुन्हा मोजावे आणि मगच नवीन पिना ठोकाव्यात. नवशिक्याचा बराच वेळ या एका मोजमापात जातो आणि तो तसा जाणेच योग्य आहे.

स्टार्टर मोटरचा प्रश्नही याच सांध्याशी निगडित आहे. फ्लायव्हीलच्या कडेवरील दात्यांची रिंग इंजिनाची आणि स्टार्टर बसण्याची जागा गिअर बॉक्सच्या हाउसिंगवर, अशी परिस्थिती आली तर दात्यांचा मेळ बसत नाही. रिंग बदलणे किंवा स्टार्टरची जागा बदलणे, यांवाचून गत्यंतर नसते.

या सर्व अडचणी टाळण्याचा एक राजमार्ग आहे आणि तो खुद्द प्रीमियरनेच दाखविला होता. १९८५ साली कंपनीने बाजारात आणलेली '११८ एनई' ही मोटार फियाट १२४ च्या बांध्यावर आधारलेली होती; परंतु तिच्यात ११७१ घनसेंटिमीटरचे निस्सानचे ए-१२ इंजिन होते आणि त्यास निस्सानचाच गिअर बॉक्स जोडलेला होता. हिंदुस्तान मोटर्सच्या 'कॉन्टेसा'मध्ये, म्हणजे इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरच्या बांध्यात, पुढे इसुझुचे १.८ लिटर इंजिन इसुझुच्याच पाच गिअरांच्या बॉक्ससह आले. इंजिन आणि गिअर बॉक्स यांची मूळ जोडी न तोडता ती एकत्रच उचलून दुसऱ्या बांध्यात ठेवली की बेल हाउसिंग, क्लच, बुश व स्टार्टर हे सर्व प्रश्न एकदम मिटतात. शिल्लक राहतात ते इंजिनाचे रबरी माउंटिंग, गिअरच्या दांड्याची जागा, क्लचची तार, वेगमापकाची केबल आणि प्रोपेलर शाफ्टची लांबी. मोटारकंपन्यांनी कारखान्यात केलेले हे कार्य तत्त्वतः हॉट रॉड बांधणाऱ्याच्या कार्याहून वेगळे नव्हते, फक्त त्यामागे चाचणी व प्रमाणन होते. घरी बांधणी करणाऱ्याने भंगारबाजारातून इंजिन घेताना त्याचा गिअर बॉक्सही त्याच गाडीचा घ्यावा, हा व्यवहारातील पहिला नियम यावरून निघतो. थोडे पैसे वाचविण्यासाठी जोडी तोडणारा पुढे त्याच्या कितीतरी पट पैसे लेथवाल्यास देतो.

प्रोपेलर शाफ्टचे कोन :

नवीन इंजिन-गिअर बॉक्सची लांबी बदलली की प्रोपेलर शाफ्ट कापून पुन्हा जोडावा लागतो व नंतर त्याचे संतुलन करून घ्यावे लागते. येथे एक भौमितिक बाब महत्त्वाची आहे. शाफ्टच्या दोन्ही टोकांना असलेला युनिव्हर्सल जॉइंट कोनात फिरतो तेव्हा पुढील बाजूचा वेग एकसमान असला तरी मागील बाजूचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढतो व दोनदा घटतो. कोन १० अंशांचा असेल तर हा चढउतार सुमारे दीड टक्का. २० अंशांस तो सहा टक्क्यांवर जातो. दोन्ही जॉइंटचे कोन समान ठेवले आणि शाफ्टची दोन्ही काटेरी टोके एकाच प्रतलात जोडली तर एकाने निर्माण केलेला चढउतार दुसरा रद्द करतो. म्हणजे गिअर बॉक्सचा आस आणि मागील पिनियनचा आस परस्परांना समांतर हवेत. वेल्डिंग करताना काटा थोडा फिरला तर गाडी ठरावीक वेगाला थरथरते आणि मालक महिनोन्महिने चाकांचे संतुलन करीत बसतो.

गुणोत्तराचे गणित :

इंजिन बसले, शाफ्ट जुळला, तरी गाडी चालण्यास योग्य होईलच असे नाही. उदाहरणार्थ, विलीज जीपच्या आसातील अंतिम गुणोत्तर ५.३८ आहे, म्हणजे शाफ्टच्या ५.३८ फेऱ्यांत चाकाचा एक फेरा. भारित चाकाची त्रिज्या ०.३५ मीटर धरली तर चाकाचा परीघ सुमारे २.२ मीटर होतो. महाराष्ट्रात जीपला डिझेल इंजिन बसविण्याची प्रथा जुनी आहे. समजा असे इंजिन मिनिटास ३००० फेऱ्यांपर्यंतच सुखाने चालते. थेट गिअरमध्ये चाकाचे ३००० ÷ ५.३८ = सुमारे ५५८ फेरे होतील आणि वेग ताशी सुमारे ७४ किलोमीटर येईल. त्यापुढे इंजिन ओरडेल, गाडी पळणार नाही. हेच गुणोत्तर ३.७३ असते तर वेग ताशी १०६ किलोमीटर झाला असता. चारही चाकांना चालना असलेल्या जीपमध्ये पुढील व मागील दोन्ही आसांचे गुणोत्तर एकाच वेळी बदलावे लागते, हेही ध्यानात घ्यावे. एकच बदलल्यास दोन्ही आस परस्परांशी झुंजतात. आस न बदलता ०.८५ गुणोत्तराचा पाचवा गिअर असलेला बॉक्स घेतला तर वेग ताशी ८७ किलोमीटरपर्यंत जातो आणि अनेकदा तोच स्वस्त मार्ग ठरतो.

कमकुवत दुवा :

हॉट रॉडच्या छायाचित्रांत मागील रुंद टायर हटकून दिसतात. त्यांचा यांत्रिक परिणाम मात्र फारसा कोणी विचारात घेत नाही. समजा मूळ इंजिनाचे पिळबल ७० न्यूटन-मीटर, पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३.८ व अंतिम गुणोत्तर ४.३ आहे. मागील आसावर ७० × ३.८ × ४.३ = सुमारे ११४४ न्यूटन-मीटर पिळबल येते. मागील आसावर ५०० किलोग्रॅम भार, टायरच्या घर्षणाचा गुणांक ०.८ व त्रिज्या ०.३ मीटर धरली तर टायर घसरण्यापूर्वी पेलू शकेल असे पिळबल सुमारे ११७६ न्यूटन-मीटर निघते. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आहेत. अर्थात मूळ गाडीत टायर हाच एक प्रकारचा फ्यूज असतो. भार वाढला की तो घसरतो आणि आतील दातेचक्रे वाचतात.

आता १४० न्यूटन-मीटरचे इंजिन बसविले. आसावर २२८८ न्यूटन-मीटर येऊ पाहतात, पण जुने टायर असतील तर ते घसरतील आणि नुकसान फक्त रबराचे होईल. रुंद, अधिक पकड असलेले टायर बसविले की हा फ्यूज काढून टाकल्यासारखे होते. मग तुटतो तो मागील हाफ शाफ्ट किंवा डिफरन्शियलचे दाते. चालकास मात्र वाटते की जुना माल कच्चा होता.

ब्रेकचा विचार याहून गंभीर आहे. गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ६० ऐवजी ९० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी थांबविण्यास २.२५ पट ऊर्जा उष्णतेत रूपांतरित करावी लागते. पद्मिनीचे चारही ब्रेक ड्रम प्रकारचे होते आणि ते तिच्या सुमारे ४० अश्वशक्तीच्या इंजिनाला अनुरूप होते. इंजिन दुप्पट करून ब्रेक तेच ठेवणे यास धाडस म्हणता येणार नाही.

कायद्याची मर्यादा :

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये २००० साली झालेल्या दुरुस्तीनंतर, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात निर्दिष्ट केलेल्या तपशिलांपासून भिन्न होतील असा कोणताही फेरबदल मालकास करता येत नाही. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा कठोर अर्थ मान्य केला. रंग किंवा किरकोळ जोडण्या यांची मुभा राहिली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अशा फेरबदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. अधिक क्षमतेचे परके इंजिन बसविलेली पद्मिनी त्यामुळे सार्वजनिक रस्त्यावर बेकायदेशीर ठरते. सर्वस्वी नव्याने बांधलेल्या गाडीस प्रमाणन लागते आणि पुण्याच्या एआरएआय सारख्या संस्थेतील त्या चाचण्या कारखानदारांना डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या आहेत. एका गाडीच्या कर्त्यास त्यांचा खर्च परवडत नाही.

याचे बोलके उदाहरण सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथे डिसेंबर २०२१ मध्ये प्रकाशात आले. तेथील एका कारागिराने भंगारातील सुटे भाग जमवून सुमारे साठ हजार रुपयांत दुचाकीप्रमाणे किक मारून सुरू होणारी छोटी जीप घरी तयार केली होती. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी तिची जाहीर प्रशंसा केली. पण ही गाडी नियमांत बसत नसल्याने अधिकारी ती कधी ना कधी थांबवतील, असेही नमूद केले आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये हा व्यवहार पूर्ण झाला. कारागिराच्या बुद्धीचा गौरव झाला, गाडी मात्र रस्त्यावरून गेली. नियम अनाठायी आहे असे म्हणता येत नाही, कारण वर दाखविलेले सांधे व ब्रेक कोणी तपासले, या प्रश्नास घरगुती गाडीजवळ उत्तर नसते. तथापि एका गाडीपुरती परवडणारी तपासणी उपलब्ध नाही, ही उणीवही तितकीच खरी आहे.

कायद्याने एक दार मात्र उघडे ठेवले आहे. सीएनजी, एलपीजी किंवा विजेवर चालण्यासाठी मान्यताप्राप्त किट बसविण्यास कलम ५२ मध्येच मुभा आहे. इंजिनाऐवजी विजेची मोटर जुन्या गिअर बॉक्सच्या इनपुट शाफ्टला जोडणाऱ्या किटमध्ये जोडपट्टी, दाते आणि समअक्षता हे सर्व प्रश्न पुन्हा तसेच उभे राहतात.

महाविद्यालयाच्या आवारातील शक्यता :

रस्त्यावर न जाणाऱ्या गाडीस नोंदणीची गरज नाही. २००७ पासून मध्य प्रदेशातील पिथमपूर येथे सुरू झालेली 'बाहा एसएई इंडिया' ही अभियांत्रिकी विद्यार्थ्यांची स्पर्धा याच तत्त्वावर चालत आली असून महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालये तीत भाग घेत आली आहेत. तिच्या पारंपरिक प्रकारात सर्व संघांना सारखेच, सुमारे दहा अश्वशक्तीचे इंजिन वापरावे लागते व त्यात फेरफार करण्यास मनाई असते. साहजिकच सारी चुरस शक्ती चाकांपर्यंत नेण्याच्या रचनेत असते. अनेक संघांनी त्यासाठी महिंद्राच्या 'अल्फा' या तीनचाकीचा गिअर बॉक्स निवडला आणि तो परक्या इंजिनाला जोडताना वर वर्णिलेल्या सांध्याशीच त्यांची गाठ पडली.

अभियांत्रिकी शाखा नसलेल्या महाविद्यालयातही एक टाकाऊ इंजिन, त्याचा गिअर बॉक्स आणि एक डायल गेज एवढ्या सामग्रीवर भौतिकशास्त्राचे पिळबल, गणिताचे गुणोत्तर व त्रिकोणमिती आणि विधी शाखेचे कलम ५२ एकाच टेबलावर शिकविता येतात. इंजिन सुरू करण्याचीही गरज नाही. क्रँक हाताने एक फेरा फिरविला आणि गेजचा काटा किती सरकला हे विद्यार्थ्याने स्वतः नोंदविले की पुरे.